चांगदेव तांडेल कुत्र्याला पोहायला नेतो

दिवाळे गावच्या कोळीवाड्यात चांगदेव तांडेलाबद्दल एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती: हा माणूस आपल्या कुत्र्याला पोहायला नेतो. साल अठ्ठावन्न-एकोणसाठचं. तेव्हा या बाजूला नवी मुंबई नव्हती. खाडी होती, मिठागरं होती, भाताची खाचरं होती. आणि कुत्र्याला हौसेनं पोहायला नेणारा माणूस डोक्यानं फिरलेला असणार, याबद्दल गावात दुमत नव्हतं.

चांगदेव फिरलेला नव्हता, बसलेला होता. आदल्या वर्षी होडीच्या शिडाची काठी मोडून त्याच्या उजव्या खांद्यावर पडली आणि तो पाण्यात गेला. मुलानं, कमळाकरनं, त्याला केसाला धरून वर काढलं. घरी आणला तरी डोळे उघडेना. तेव्हा बायकोनं, येसूबाईनं, एकटीनं जाऊन गावदेवीपुढे पदर पसरला. "आई, यांना उठव. परत खाडीत पाय घालू देनार नाय." चांगदेव उठला. खांदा मात्र आखडला तो आखडलाच, हात कानापर्यंतही जाईना. होडी कमळाकरकडे गेली आणि खाडीपासून हाकेच्या अंतरावर हा जन्माचा कोळी ओट्यावर बसला. बायकोचा धाक एक आणि देवीचा दुसरा. दोन्ही एक झाल्यावर पुरुषाचं काय चालतंय?

रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी, तसा तो दिवसभर कुत्र्याला खायला घाली. कुत्र्याचं नाव बोंबील. पिलू असताना काडीसारखं होतं म्हणून ठेवलेलं. आता तो असा फुगला होता की नाव ऐकून पाहुणे हसत. अंगणात येसूबाई जवळा वाळत घाली. कावळे खुशाल येत, चोची भरभरून नेत, आणि राखणीला बसलेला हा कुत्रा एक डोळा उघडून पुन्हा मिटून घेई.

"ह्याचं कायतरी करा," एक दिवस येसूबाई कडाडली. "नायतर कमल्याला सांगते. होडीत घालून खाडीपल्याड सोडून येल."

चांगदेव घाबरला. दिवसभर त्याच्याशी बोलायला दुसरं होतं कोण? आधी त्यानं बोंबीलला मिठागराच्या बांधावरून चालवून पाहिलं. कुत्रा अर्ध्या वाटेत बसला आणि संध्याकाळपर्यंत हलला नाही. मग चांगदेवाला सुचलं, पोहणं! पाण्यात अंगाचा भार जाणवत नाही, आणि बुडायचं नसेल तर चारही पाय मारावेच लागतात.

येसूबाई पाटी घेऊन बेलापूरच्या बाजारात गेली की तेव्हाची भरती गाठून तो बोंबीलला खाडीवर नेऊ लागला. पण कोळ्याच्या घरचा हा कुत्रा पाण्याला भ्यायचा. चांगदेवानं काठी फेकली, सुकट फेकली, शिव्या दिल्या. बोंबील काठावर बसून धन्याकडे बघत राहिला. आधी तू, असंच जणू म्हणत होता.

चांगदेवानं घोटाभर पाण्यात पाय ठेवला. घोटा भिजला म्हणजे काही खाडीत उतरलो नाही, असं त्यानं देवीला मनातल्या मनात समजावलं. बोंबीलही घोटाभर आला. पण बोट दिलं की मनगट धरायची, ही खाडीची जातच आहे. घोट्याचा गुडघा झाला, गुडघ्याची कंबर झाली, आणि एके दिवशी पायाखालचा चिखल सुटला. कुत्र्याच्या बाजूनं चांगदेव एका हातानं पोहत होता. त्याला रडू आलं. एवढ्या पाण्यात ते कोणाला दिसणार होतं!

मग दोघांनाही वेडच लागलं. बोंबील पाण्यात गोल गोल फिरे, धन्याच्या पाठीवर पाय देऊन त्याला बुडवायला बघे, बाहेर आला की अंग झाडी आणि लगेच पुन्हा उडी मारी.

"तांडेल, शर्यतीत उतरवनार काय त्याला?" शेजारचा गोटीराम धक्क्यावरून ओरडे.

"तुज्यापरीस बरा पोवतो!" चांगदेव पाण्यातून उत्तर देई.

गोटीरामला नवसाचं माहीत नव्हतं, कोणालाच नव्हतं. बाजारात बायका येसूबाईला कुत्र्यावरून चिडवत तेव्हा तीही हसे, कारण तिच्या डोळ्यांपुढे काठावर काठी घेऊन उभा असलेला नवरा असे. शिवाय बोंबील खरोखरच हडकला होता. कावळ्यांवर असा धावून जाई की त्यांनी अंगणाचं नावच टाकलं.

होळीच्या सुमारास एकदा येसूबाई उन्हातून घामाघूम होऊन बाजारातून आली. तिची दशा बघून चांगदेव ओट्यावरून उठला आणि त्यानं दोन्ही हात वर करून तिच्या डोक्यावरची पाटी उतरवून घेतली. येसूबाई दारातच थांबली. तो उजवा हात तिच्या डोक्याच्याही वर गेला होता.

"खांदा कदी सुटला?"

चांगदेवाला खोटं सुचेना. "पान्यानं सुटला," तो म्हणाला. "बोंबीलसंगती पोवतो."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती मटकन खाली बसली. नवस तिनं केला आणि मोडला यानं. आता देवी कोणावर कोपणार? कमळाकर त्या घडीला होडी घेऊन बाहेर होता. होडी धक्क्याला लागेपर्यंत येसूबाईनं खाडीवरची नजर काढली नाही. मुलगा सुखरूप दारात आल्यावर चांगदेवानं कान धरले. "परत नाय जानार पान्यात," तो म्हणाला. पण म्हणताना त्याचा चेहरा इतका पडला की येसूबाईलाच तो बघवेना.

सकाळी ती नारळ घेऊन गावदेवीला गेली. परत आली ती शांत होती.

"देवीला सांगून आले. शबूद मागं घेतला. पोवा खुशाल."

चांगदेव लहान पोरासारखा हसला आणि त्यानं बोंबीलला मिठीच मारली.

दुपारी खाडीतल्या ताज्या जिताड्याचं कालवण होतं. जिताड्याच्या डोक्यासाठी येसूबाई एरवी नवऱ्याशी भांडायची. आज तिनं ते डोकं त्याच्या ताटात वाढलं आणि स्वतः नुसत्या भातावर मीठ घेतलं.

"आज कसला उपास?"

"उपास नाय."

"मंग?"

येसूबाई खाली बघून भात कालवत राहिली. "देवी फुकट सोडंल काय? तुमचं पानी मागितलं, माजं मावरं दिलं. जन्माचं."

मावरं म्हणजे मासे. रोज पाटीभर मासे विकणाऱ्या, माशांतच वाढलेल्या कोळणीनं ते जन्माचे सोडले होते. चांगदेवानं हातातला घास खाली ठेवला. त्यानं ताट सारलं.

"जा, सांग तिला. मना नको पानी."

"घडी घडी शबूद फिरवायला देवी म्हंजे काय बाजार हाय?"

भरती आली. बोंबील दारात नाचत होता, ओरडत होता. चांगदेव भिंतीकडे तोंड करून ओट्यावर बसला होता. येसूबाईनं हातातलं काम ठेवलं आणि ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"उठा आता," ती म्हणाली. "मी काय उगाच सोडलंय मावरं?"