तौनोच्या फाटकावरचा कॅमेरा

तौनोने उभा जन्म फिनलंडच्या उत्तर टोकाला, इनारीच्या खांबांवर चढून विजेच्या तारा ओढण्यात घालवला. आमच्या घरातला पहिला दिवा त्याच्याच हातून लागला. त्याच्या स्वतःच्या फाटकापर्यंत मात्र तार नव्हती. लागणार तरी कशाला होती? फाटकापलीकडे रस्ता, आणि त्यापलीकडे नुसतं जंगल.

मग त्याला विसर पडू लागला. आधी नावं गेली, मग वार, आणि शेवटी आपण निवृत्त झालोय हेही. कधीही उठायचा, टोपी चढवायचा आणि "लाइन बघून येतो" म्हणत चालू पडायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इवालोच्या वृद्धाश्रमात ठेवा. त्याची बायको हेल्वी म्हणाली, "मी आहे तोवर नाही." तिच्या हट्टापुढे आजवर कुणाचं चाललंय?

उन्हाळ्यात त्यांचा मुलगा यार्क्को ओउलूहून आला आणि फाटकाच्या खांबावर कॅमेरा बसवून गेला. वर सोलर पॅनल, मागे बॅटरी. फाटकातून कुणी बाहेर पडलं की हेल्वीच्या फोनवर घंटी.

मी शेजारी. न राहवून म्हटलं, "अरे, सरळ तार टाक. जमीन मऊ आहे तोवर चर खणू. मी येतो फावडं घेऊन."

"गरज नाही रे सेप्पो, सगळं उन्हावर चालतं."

"आणि डिसेंबरात?"

तो नुसता हसला. दक्षिणेत राहिलं की इथे जन्मलेला माणूसही सूर्याला गृहीत धरतो. मला अजून राग येतो त्या हसण्याचा.

शरद ऋतू बरा गेला. घंटी वाजायची, हेल्वी धावायची, तौनोला दंडाला धरून घरी आणायची. मग सूर्य मावळला तो दीड महिना उगवलाच नाही. जमिनीचा दगड झाला. आता खणायचं ते मे महिन्यातच. थंडीत बॅटरी सारखी मान टाकायची. हेल्वी ती काढून स्वयंपाकघरात चार्ज करायची आणि तोवर दाराला खुर्ची लावून बसायची. परत नेताना गारठू नये म्हणून कोटाच्या आत छातीशी धरायची. तौनो मागे उभा राहून सगळं बघायचा.

"काय झालंय तिला?"

"थंडी वाजतेय बिचारीला."

"मग नीट ऊब दे की. तुला मेलं काही येत नाही."

"बरं, साहेब."

त्या घरात हसण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

सूर्य परतायच्या आदल्या आठवड्यात पारा उणे पस्तीसवर गेला. तौनो दुपारचा झोपला होता आणि हेल्वी राय धान्याच्या पावाचं पीठ मळत होती. फोनवर संदेश आला, कॅमेरा बंद. तिला नवल वाटलं नाही. अशा थंडीत तो बंद पडायचाच. मळून होऊ दे, मग आणते बॅटरी, असं म्हणून तिने हात चालू ठेवले.

ती गेली तेव्हा खांबावर बॅटरी नव्हती. घरात येऊन पाहते तर पलंग रिकामा.

कॅमेऱ्याचं तोंड रस्त्याकडे होतं. तौनो अंगणातून, मागच्या बाजूने आला होता. रोज पाहिलेलंच त्याने केलं.

तो मलाच सापडला, जंगलातल्या विजेच्या जुन्या खांबाला टेकून बसलेला. हातमोजे नव्हते. कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली आणि दोन्ही हात आत. मी कोट उघडला. तो गेला होता. हातांत धरलेली बॅटरी अजून कोमट होती.

हेल्वीला मी ती दिली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "माझे हात पिठात होते, सेप्पो."

मे महिन्यात यार्क्को आला आणि एकट्याने चर खणून त्याने तार टाकली. मी फावडं घेऊन गेलो नाही. आता कॅमेरा कधीच बंद पडत नाही. फाटकातून रेनडिअर गेलं तरी घंटी वाजते, आणि हेल्वी दाराजवळच्या खुर्चीवरून उठते.