हैबतीचं चालतं झाड

पोलादपूरच्या वर, घाटाच्या धुक्यातल्या आमच्या वाडीत हैबतीइतका थापाड्या दुसरा नाही, आणि मला तो आवडतो, हे आधीच सांगून टाकतो. मुंबईहून परतताना लोक टीव्ही आणतात, फ्रीज आणतात. याने आणली परदेशी ताडाची तीन रोपं. तो ज्या बंगल्यावर माळीकाम करी, तिथल्या मालकाने ती हौसेने मागवली होती आणि मुंबईच्या उकाड्यात ती झुरत चालली होती. "आमच्याकडं गारवा हाय, जगतील," म्हणून हैबतीने मागून घेतली.

पहिलं रोप चैत्रातल्या उन्हाने गेलं. दुसरं गेलं ते लोकांच्या मायेने. या ताडाची मुळं बुंध्यापासून तिरकी खाली उतरतात, झाड जणू हंड्याच्या तिवईवर उभं. आमच्याकडे सुपारीचं मूळ उघडं दिसलं की मातीची भर घालायची रीत. हैबती महाडच्या बाजाराला गेला की येणारा-जाणारा कळवळून एखादं घमेलं माती ओतून जायचा. मुळं कुजली. हैबती त्या दिवशी जेवला नाही.

तिसरं त्याने परसात ओहोळाकाठी, फणसाच्या सावलीत लावलं. उन्हाळ्यात त्याला ओलं गोणपाट गुंडाळलं. आणि वाडीला बजावलं, "हे झाड चालतं. ते त्याचे पाय हायत. पाय पुरलेत तर पुरणाऱ्याच्या दारात येऊन उभं राहील."

घमेली थांबली. झाड वाढलं, चांगलं टणक झालं. मग त्याच्या बायकोने, येसूबाईने, मागच्या दाराच्या खांबापासून झाडापर्यंत कपडे वाळत घालायला दोरी ताणली, तेव्हा मात्र हैबती भडकला.

"परदेशी झाड हाय गो ते, खुंटी नाय."

"मग लुगडी तुमच्या डोक्यावर वाळत घालू?"

दोरी राहिली.

खरी गंमत पुढेच आहे. काही वर्षांत झाड शेजारच्या रावजीच्या बांधाकडे सरकलेलं दिसू लागलं. लावलं तेव्हा मधून बैलजोडी गेली असती, आता माणूस अंग चोरून जाई. हैबती स्वतःच चक्रावला. आपली थाप खरी ठरते की काय, म्हणून संध्याकाळी झाडाकडे संशयाने बघत बसे.

यंदा एक नवं मूळ बांधापलीकडे टेकलं आणि रावजी चार माणसं घेऊनच आला. "तूच बोलतोस ना रे, झाड चालतं? आता माझ्यात आलंय, माझं झालं. उद्या मातीची भर घालतो, असं उघडंनागडं बरं नाय दिसत."

हैबतीचा चेहरा पडला. खोटं कबूल करावं तर वाडीत जन्मभराचं हसं, न करावं तर हेही झाड मातीखाली. 

"थाप मारली मी," तो म्हणाला. "झाड चालत नाय."

माणसं खो खो हसली. रावजी सगळ्यांत मोठ्याने. "मग इथवर आलं कसं?"

येसूबाई दोरीवरचे कपडे काढत होती. वळूनही न बघता म्हणाली, "ही दोरी किती वर्सं इथंच बांधलेली हाय. झाड चाललं असतं तर तुटली नसती काय?"

हसणं थांबलं. चौघांनी दोरी पाहिली, झाड पाहिलं, मग बांध पाहिला. दर नांगरटीला बांध वीतभर पुढे ढकलायचा, ही आमच्याकडची जुनी विद्या, आणि ती विद्या अवगत असलेली माणसं मला मुळीच आवडत नाहीत. रावजी उगाचच चपला शोधू लागला. त्या त्याच्या पायातच होत्या.

पेरणीआधी बांध जुन्या जागी गेला. दगड रावजीनेच वाहिले, हैबती मुळांशी उकिडवा बसून देखरेख करत होता. दोरीबद्दल तो आता चकार शब्द काढत नाही. पाहुणे आले आणि चालत्या झाडाची चौकशी करू लागले, की मात्र गंभीर चेहऱ्याने सांगतो, "झाड नाय चालत. बांध चालतो. आला तसा परत जातानापण मी सोताच्या डोळ्यांनी बघितलाय."