गणपतरावांच्या पोटातली पिशवी

"डाक्टर, गप का झाला? मेलो का काय मी?"

टेबलावरून गणपतराव विचारत होते. पाठीत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर केलं होतं, तोंड मात्र शाबूत होतं.

एकोणीसशे चौतीस-पस्तीस साल असेल. बारामतीत मी नुकता दवाखाना टाकला होता. गणपतराव वडगाव निंबाळकरचे ऊसवाले. सगुणाबाईंशी लग्नाला बरीच वर्षं होऊन मूल नव्हतं, म्हणून आईने इंदापूरकडची दुसरी मुलगी ठरवली होती. बाशिंग बांधायच्या आधी हर्निया उरकायचा होता.

हर्निया म्हणजे पोटातलं आतडं जांघेत उतरणं. मी आतडं शोधत होतो आणि हाती आलं गर्भाशय! लहानसं, पण नळ्यांसकट. बायकांची ऑपरेशनं केली होती. ओळख चुकणं शक्य नव्हतं. त्याला चिकटूनच वृषणं होती. ती जागेवर नाहीत, हे तपासतानाच कळलं होतं. बाकीचं स्वप्नातही नव्हतं. आणि गणपतरावांच्या मिशा तर झुपकेदार.

सगळं अलगद आत सारून मी टाके घातले.

शुद्धीवरच्या माणसाला काय थापा मारणार? दुसऱ्या दिवशी खरं सांगितलं.

"म्हंजी मी बाईमानूस?"

"छे! पुरुषच. आईच्या पोटात प्रत्येकाला दोन्हीचं सामान मिळतं. मुलग्यातलं बाईचं विरून जातं. तुमचं राहिलं."

"आन् पोर?"

"आशा फार थोडी. दुसरी केलीत तरी तेच."

त्यांनी उशीवरून मान उचलली. मग म्हणाले, "आयेला आन् सगुणाला बोलवा."

दोघी आल्या. सगुणाबाई दाराशीच थांबल्या.

"आये, लगीन मोड. खोट माझ्यात हाय. गर्भाची पिशवी बी माझ्यातच घावली."

म्हातारीने तोंडावर पदर घेतला. मग माझ्याकडे वळून दबक्या आवाजात विचारलं, "मंग आता ह्योच बाळंत व्हनार का?"

"नाही हो, आजी!"

सगुणाबाई इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. ते सगळंच हसण्याचं नव्हतं. गणपतरावही हसले आणि टाके धरून कळवळले.

लग्न मोडलं. पुढे त्यांनी धाकट्या भावाची मुलगी आपली म्हणून वाढवली.

तेव्हापासून मूल होत नाही म्हणून कुणी बायकोला तपासायला आणलं, की मी आधी नवऱ्याला टेबलावर झोपवतो. बरेच जण पुन्हा येत नाहीत.