न पडणारं घर

तोकुझोकाकांवर त्या दिवशी मी जाम वैतागले होते. तीन वेळा कॅमेरा फिरला, तीन वेळा रबरी राक्षसाने लाथ घातली आणि तिन्ही वेळा ते कमरेएवढं घर जागचं हललं नाही. राक्षसाच्या आत घामाने निथळणारा शिगेओ पायाचा अंगठा धरून मटकन खाली बसला.

"काका, हे घर आहे की किल्ला?" आमचे दिग्दर्शक आशिदा ओरडले. "पडणारं घर बांधा म्हणून किती वेळा सांगू?"

"कच्चं काम माझ्या हातून होत नाही, साहेब."

एकसष्ट वर्षांचा हा सुतार. उभा जन्म खरी घरं बांधण्यात गेलेला, सांध्यात सांधा असा बसवायचा की खिळ्याची गरज नाही. आमच्या टोकियोच्या स्टुडिओत चिमुकलं शहर उभारायला ठेवला, तर इथेही तेच!

"जेवणानंतर हे पडलं नाही, तर उद्यापासून येऊ नका," म्हणून आशिदा तरातरा निघून गेले.

मी कौलं रंगवणारी. पेपरवाले आमच्या सिनेमांना पोरखेळ म्हणतात, त्याचाही मला संताप येतो. युद्ध संपून दहा वर्षं झाली, पण विमानांच्या बॉम्बवर्षावात शहर जळालं त्या रात्रीबद्दल घरात कुणी चकार शब्द काढत नाही. अणुस्फोटातून उठलेला राक्षस पडद्यावर शहर तुडवायला लागला, की तीच माणसं अंधारात हमसून हमसून रडतात. रडायलाही आम्हाला राक्षस लागतो, दुसरं काय!

मी काकांपुढे करवत आपटली. "खांब अर्धे कापा. हट्टापायी नोकरी घालवता का?"

"नदीकाठच्या फुकागावा भागातली आमची जळालेली गल्ली आहे ही, किनुए. हे माझं घर."

"मग दुसऱ्या कुणाचं बांधायचं होतं!"

काकांनी दोन खांब कापले, तिसऱ्यापाशी थांबले.

"विमानं आली तेव्हा मी कारखान्यात पहाऱ्यावर निघालो होतो. बायको म्हणाली, मी नदीकडे पळते. मी खेकसलो तिच्यावर. म्हटलं, घर मी बांधलंय, काही होत नाही त्याला, आत बस."

मी करवत घ्यायला गेले, तर सोडेनात.

"माझं ऐकून बसली गं ती," म्हणाले, आणि उरलेले खांबही त्यांनी स्वतःच कापले.

जेवणानंतर शिगेओचा नुसता पाय लागला आणि घर कोसळलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"जमतं की, काका!" आशिदा हसत म्हणाले. "एवढंच तर सांगत होतो सकाळपासून."