लाइनीवर टाकलेला रुमाल

एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल फेकला की सीट आपली, हा कायदा आम्ही वऱ्हाडात संविधानाइतकाच मानतो. अमरावतीतल्या आमच्या छोट्याशा इंटरनेट कंपनीत तो सर्व्हरलाही लागू होता. अकोल्यापासून मेळघाटापर्यंतच्या टॉवरवरची यंत्रं ज्या ॲक्सेस सर्व्हरमधून चालवायची, त्याच्या लाइनी, म्हणजे एका वेळी जोडून घ्यायच्या जागा, मोजक्याच. म्हणून जो तो सकाळी लॉगिन करून सेशन उघडं ठेवायचा. लाइन अडलेली, माणूस चहाच्या टपरीवर.

या सेशनांवर नजर ठेवायचं काम माझं. कोण जोडलेलं आहे, कोण कधीपासून गप्प आहे, सगळं माझ्या स्क्रीनवर दिसायचं. कुणाचंही सेशन तोडायचा अधिकारही होता. ज्याच्या घरात रद्दीपेक्षा पत्रकं जास्त, जो ‘कसेल त्याची जमीन’ वाचत अक्षरं शिकला, त्याच्या हाती हे देणं ही कंपनीचीच चूक. पहिल्याच आठवड्यात मी भिंतीवर चिकटवलं, ‘वापरेल त्याची लाइन’. साहेबांनी तो कागद फाडला आणि मला ‘कार्यकर्ते’ म्हणू लागले.

एका दुपारी ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

“कार्यकर्ते, अकोल्याचं सेशन पाह्य. सकाळपासून मेलेलं हाय. चाचा झोपा काढून राहिले. गुपचूप लक्ष ठेव अन् मले दाखव. सेमाडोहले बदली करतो त्याहिची. वाघाले इंटरनेट देतीन.”

चाचा म्हणजे आमचे अकोल्याचे, सगळ्यात जुने तंत्रज्ञ. घरी आई अंथरुणाला खिळलेली. तिला सोडून मेळघाटच्या जंगलात सेमाडोहला जाणं म्हणजे नोकरीच सोडणं.

“सायेब, ते टॉवरवर असतीन. खाली उतरल्यावर लाइन भेटत नाही, म्हून धरून ठेवतात.”

“तू वकील हायेस काय बे त्याहिचा?” म्हणत ते केबिनमध्ये गेले.

पाळत ठेवायची तर माणसाला सांगून ठेवावी, असं माझं मत. सर्व्हरवरून एखाद्या लाइनीवर संदेश धाडता येतो. तो थेट समोरच्याच्या स्क्रीनवर उमटतो. मी लिहिलं, ‘चाचा, साहेबांनी तुमच्यावर पाळत ठेवायला सांगितलंय. बदलीचा डाव आहे. अधूनमधून कीबोर्डवर हात हलवत राहा.’ पण सवयीनं लाइनीच्या नंबराऐवजी टाकली चांदणी (*). चांदणी म्हणजे सगळ्या लाइनी. पत्रक एकालाच वाटायची आमच्या घराण्यात रीतच नाही.

साहेब केबिनमधून बाहेर आले. “हे माह्या स्क्रीनवर काहून आलं?”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. “कारण तुमचंही सेशन उघडं हाय, सायेब. चाचाच्या आधीपासून मेलेलं. तुमच्यासाठी कोनतं गाव पाहू?”

कुणीतरी खोकल्याच्या नावाखाली हसलं. तेवढ्यात सगळ्यांच्या स्क्रीनवर चाचांचं उत्तर आलं, त्यांनीही चांदणीच टाकली होती: ‘बेटा, टॉवरवर होतो. दोन्ही हातानं लोखंड धरलं होतं. कोनता हात हालवू?’

मग मात्र खोकल्याचीही गरज उरली नाही. एवढ्या साक्षीदारांसमोर चाचांची बदली करणं साहेबांनाही जमण्यासारखं नव्हतं.

“बस झालं!” ते ओरडले. “मेलेलं सेशन आपोआप तुटलं पाह्यजे. सगळ्याहिचं! लाव नियम!”

मी तिथंच लावला. लाइनी मोकळ्या झाल्या, चाचांना टॉवरवरून उतरताच लाइन मिळू लागली आणि सेमाडोहचं नाव पुन्हा निघालं नाही.

नियम लावला त्याच संध्याकाळी केबिनमधून हाक आली, “कार्यकर्ते! माही लाइन काहून तुटली बे?”

“सगळ्याहिचं म्हनले होते ना, सायेब!”