मेस्त्रीकाकांचं रिकामं खोकं

आमच्या ऑफिसात दिवाळीची भेट हातात पडली की लोक ती आधी कानाशी धरून हलवून बघायचे. हौस म्हणून नव्हे, भीती वाटायची म्हणून. त्याला कारण सूर्यकांत मेस्त्री.

मेस्त्रीकाका देवगडकडचे. सुतारकाम करणाऱ्या घरातले, छप्पन्न वर्षांचे, हडकुळे, कानामागे कायम पेन्सिल. जबल अली बंदरातल्या आमच्या माल पाठवणाऱ्या कंपनीत ते चहा द्यायला म्हणून लागले आणि कधीतरी कुणीतरी त्यांच्यावर भेटवस्तू आणायचं काम ढकललं. साठ कर्मचारी, चाळीसेक जुने ग्राहक. इतर कंपन्यांत शंभर सारखे मग आणतात, त्यावर कंपनीचं नाव छापतात आणि मोकळे होतात. काकांनी पहिल्याच वर्षी प्रत्येकाला वेगळी वस्तू आणली, तीही ठरलेल्या रकमेत. शिवाय गोदामातला टाकाऊ फोम पातळ पात्याने कापून प्रत्येक खोक्यात त्या वस्तूच्या बरोबर आकाराचा खळगा करायचे. खोकं उलटं केलं तरी आतली वस्तू हलायची नाही, तरी लोक हलवून बघायचेच.

मी तिथे एचआर मॅनेजर होतो. कौतुकाची पत्रं लिहिणं माझं काम, आणि ती मी दरवर्षी फक्त नावं बदलून पाठवायचो. त्यामुळे काकांचा मला थोडा रागच यायचा.

भीतीची सुरुवात फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या अक्रमपासून झाली. काकांनी त्याला चष्म्याची दोरी दिली. "काका, मेरी आँख तो एकदम फर्स्ट क्लास है," म्हणून तो हसला. दोन महिन्यांनी तीच दोरी गळ्यात घालून फिरत होता. हे समजण्यासारखं आहे. तो पावत्या लांब धरून वाचायचा, काकांनी ते बघितलं असणार. मग डॉक्युमेंटेशनमधल्या सोनमला त्यांनी लोकरीचे जाड हातमोजे दिले. या वाळवंटातल्या गावात लोकर म्हणजे चेष्टाच. आम्ही तिला आठवडाभर चिडवलं. पंधरा दिवसांत तिची बदली शीतगृहाच्या ऑफिसात झाली आणि ती तेच हातमोजे घालून कामाला जायला लागली. काकांनी मोजे दिले तेव्हा ही बदली हेड ऑफिसलासुद्धा ठाऊक नव्हती.

तिसरी गोष्ट मला अजून आवडत नाही. खोर फक्कानला लियाकतभाई म्हणून आमचे जुने ग्राहक होते, बंदरावरचे एजंट. आवाज असा की फोनची गरज नव्हती. त्यांना दरवर्षी खजूर जायचा. त्या वर्षी काकांनी पितळेची हातात धरून वाजवायची घंटी पाठवली. लियाकतभाईंनी मला फोन करून मनसोक्त टिंगल केली. पुढच्या महिन्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. त्यांच्या मुलाने फोन करून आभार मानले. "अब्बा वही घंटी बजाते हैं," तो म्हणाला. मागे ती वाजत होती. मी फोन ठेवला.

त्यानंतर मी काकांना पॅन्ट्रीत गाठलं. "काका, तुम्हाला हे कळतं कसं?"

ते कप विसळत होते. दोघंच असलो की ते मालवणीत घसरायचे. "साहेब, माणूसच सगळा दाखयता. आपण बगूचा नि गप रवाचा."

"आणि घंटीचं काय?"

काकांनी नळ बंद केला. "ता माका पण नाय कळाक," ते म्हणाले. "दुकानात गेलंय खजुरासाठी. हात घंटीवर पडलो."

गेल्या वर्षी वरून मेल आला. या दिवाळीनंतर भेटी एका ॲपवरून, ज्याने त्याने आपली निवडायची. म्हणजे कुणी कुणाचा विचार करायची कटकट मिटली. काकांची जागाही रद्द. त्या कागदावर सही माझी होती. मला वाईट वाटलं का? खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं.

त्यांचा शेवटचा दिवस आणि दिवाळीच्या भेटी एकाच दुपारी आल्या. निरोपाला काय द्यावं हे मला सुचेना. दहा वर्षं त्या माणसाच्या हातचा चहा प्यायलो, पण त्यांना काय आवडतं ते मला माहीत नव्हतं. शेवटी स्टोअरमधून ग्राहकांसाठी आणून उरलेलं भिंतीवरचं घड्याळ काढलं. काकांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. "बरा आसा साहेब. गावाक भिंत आसा," म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, हेच जास्त लागलं.

मग त्यांनी सगळ्यांना खोकी वाटली. माझं चांगलं मजबूत होतं, दोन्ही बाजूंना धरायला दोरीचे कान. उघडलं, तर आत वस्तूच नाही. नुसता फोम आणि त्यात कापलेले रिकामे खळगे. एक चौकोनी, एक गोल, एक खाली रुंद आणि वर निमुळता होत गेलेला, आणि कोपऱ्यात एक लहान, मुठीएवढा.

"सर, तुमचं रिकामं?" भेटीसाठी शीतगृहातून आलेल्या सोनमने विचारलं आणि लगेच तोंडावर हात ठेवला. काका तोवर कंपनीच्या बसमध्ये बसून निघून गेले होते.

ज्याला पुढे जे लागणार तेच देणाऱ्या माणसाने मला काहीच दिलं नव्हतं. म्हणजे मला पुढे काहीच लागणार नाही? अक्रम हळूच म्हणाला, "सर, एक बार चेकअप करा लो. इन्शाल्ला कुछ नहीं होगा." मी त्याच्यावर खेकसलो आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप जाऊन सगळ्या तपासण्या करून आलो. छातीच्या, डोक्याच्या, रक्ताच्या. बायकोला, संजनाला, सांगितलं नाही. रिपोर्ट येईपर्यंत चार दिवस मी माझ्या सात वर्षांच्या ओवीकडे नीट बघू शकलो नाही. रिपोर्ट स्वच्छ आले. मी गाडीत बसून एकटाच हसलो, मग थोडा रडलोही. खोकं ऑफिसातल्या कपाटामागे ढकललं आणि काका म्हातारपणी विसरभोळे झाले असं ठरवून टाकलं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हेड ऑफिसचा माणूस आला. दार लावलं, पाणी मागवलं, आणि ज्या वाक्यांनी मी इतरांना घरी पाठवायचो तीच वाक्यं मला म्हणून दाखवली. शब्दही माझेच होते. एचआरचं काम आता दुसऱ्या देशातून चालणार होतं. माझा व्हिसा, त्यावर संजनाचा आणि ओवीचा, सिलिकॉन ओएसिसचं घर, ओवीची शाळा, सगळं त्या एका नोकरीवर होतं.

टेबल आवरताना सिक्युरिटीचा रफिक नियमाप्रमाणे बाजूला उभा राहिला. "सर, आराम से. कोई यल्ला यल्ला नहीं," तो म्हणाला. सामान भरायला काहीतरी हवं होतं. मला कपाटामागचं खोकं आठवलं.

टेबलावर माझ्या अशा तीनच गोष्टी होत्या. संजनाने दिलेला पितळेचा गणपती, ओवीने शाळेत केलेला मातीचा पेनस्टँड आणि आम्हा तिघांचा फोटो. गणपती सहज फोमवर टेकवला, तर तो निमुळत्या खळग्यात आपोआप आत गेला. पेनस्टँड गोल खळग्यात. त्याची एक बाजू ओवीच्या अंगठ्याने दबलेली होती, फोमही तिथे तसाच आत घेऊन कापलेला होता. मग चौकोनी खळग्यात फोटोची फ्रेम. कुठेही सुईएवढी फट राहिली नाही. या तीन वस्तूंसमोर मी वर्षानुवर्षं बसलो होतो, आणि त्यांचे आकार समोर येऊनही मी ते ओळखले नव्हते. रफिक दोन पावलं मागे सरकला.

"सर, यह एक खाली रह गया," तो कोपऱ्यातल्या लहान खळग्याकडे बघत म्हणाला. मी ड्रॉवर पुन्हा उपसले. त्यात बसेल असं काही सापडलं नाही.

दीड महिना वाईट गेला. व्हिसाची मुदत संपत आली आणि अगदी शेवटच्या दिवसांत मला दुसरीकडे काम मिळालं. पगार कमी, पण व्हिसा वाचला, शाळा वाचली. त्या शनिवारी सकाळी घरात बऱ्याच दिवसांनी हसणं ऐकू आलं. संजनाने शिरा केला. मी खोकं खाली काढलं, गणपती देवघरात ठेवला आणि काकांची फार आठवण आली. माझ्या सहीने त्यांची नोकरी गेली होती, आणि त्यांनी जाता जाता माझं सामान बांधून ठेवलं होतं. एक साधा फोन तरी करायला हवा होता.

फोन लावला. काका अंगणात असावेत, मागे कोंबड्या ओरडत होत्या. मी माफी मागितली. ते म्हणाले, "सोडा साहेब, खलास. घड्याळ बरोबर चलता." हेड ऑफिसचा माणूस येऊन जायचा तेव्हा माझ्याशी बोलताना माझ्या खुर्चीकडेच बघायचा, तेव्हाच त्यांना माझी जागा जाणार अशी शंका आली होती म्हणे. मला हायसं वाटलं. सगळ्याला कारण होतं. बघणारा माणूस होता, बस्स.

माझ्या पायाशी ओवी रिकाम्या खोक्याशी खेळत होती. "बाबा, लुक! माय हँड फिट्स!" तिने कोपऱ्यातल्या खळग्यात मूठ घातली होती. मनगटापर्यंत, बरोबर.

"काका," मी हसत विचारलं, "तो चौथा खळगा कशासाठी कापलात?"

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत राहिला. मग काकांनी अगदी हळू, प्रमाण भाषेत, ऑफिसात सगळ्यांसमोर बोलायचे तसं सांगितलं.

"साहेब, मी तीनच कापले होते."

मी ओवीचं मनगट धरून हात बाहेर ओढला. तिला लागलं, ती रडायला लागली. संजना स्वयंपाकघरातून धावत आली आणि काय झालं म्हणून विचारत राहिली. मी तिचा हात सोडत नव्हतो.