उपाशीपोटीची साखर

आष्टीच्या बाजारगल्लीत गोजरबाईंची पिठाची गिरणी आहे. नवरा गेल्यावर त्यांनी ती एकटीनं चालवली. दळणात मूठभर कमी भरलं असं कुणी कधी म्हणालं नाही. अशा बाईला घरातच खोटं ठरवलं, ते रक्तातली साखर तपासायच्या मशीननं.

मुलगा कल्याण रोज रात्री झोपताना आणि सकाळी चहाआधी आईचं बोट टोचायचा.

"आई, खरं सांग. रात्री उठून काय खाल्लं?"

"काहीच न्हाई. अर्धी भाकर अन् मेथी, तुझ्यासमोरच तर खाल्ली."

"मंग झोपताना बराबर असलेली साखर सकाळी वाढती कशी? हवेतून येती?"

"मला काय ठाऊक!"

सून साधनानं गुळाचा डबा माळ्यावर ठेवून दिला. गोजरबाईंना ते फार लागलं. त्यांनी रागानं रात्रीचं जेवणच सोडलं. मधुमेहाची गोळी मात्र चुकवली नाही. तरी सकाळी साखर चढलेलीच. कल्याणची नजर पुन्हा तीच. मग त्यांनी नाश्ताही टाकला, आणि एक दिवस दळण चालू असतानाच दरदरून घाम येऊन त्या जात्याशेजारी कोसळल्या. साधनानं धावत येऊन साखरेचं पाणी पाजलं.

परतूरच्या डॉक्टर अफ्रीन यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कल्याणकडे वळल्या.

"आईनं काही खाल्लं नाही. पहाटे शरीरात काही हार्मोन वाढतात. उपाशी राहिलं, चिडलं, तर आणखी. ते यकृताच्या पेशींना भिडले की पेशीच्या पडद्यावरचा विजेचा भारसुद्धा बदलतो, आत निरोप जातो आणि यकृत साखर बनवून रक्तात सोडतं. ते आवरायला लागणारं इन्सुलिन यांच्यात कमी पडतं."

"म्हंजे मी उपाशी राहून साखर वाढवून राह्यले?" गोजरबाई संतापल्या. "अन् हे आधी कुणीच कसं सांगितलं न्हाई?"

"गोळी खाऊन उपाशी राहणं तर फारच धोक्याचं. साखर एकदम खाली जाते, गिरणीत कोसळलात ते त्यामुळंच," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी औषध बदललं आणि वेळेवर जेवायला बजावलं.

परतताना बसमध्ये कल्याण हळूच म्हणाला, "चुकलं माझं."

गोजरबाई खिडकीबाहेरच बघत राहिल्या.

आता साखर बरीच उतरली आहे. पण एखाद्या सकाळी आकडा चढतोच. कल्याण काही विचारत नाही, नुसता थबकतो. तेवढ्यानंही त्यांचं डोकं फिरतं.

"बोल की! मी न्हाई, माझं लिव्हर करून राह्यलं ते," असं म्हणत त्या मशीन बाजूला सारतात आणि गिरणी उघडायला जातात.